‘पुतण्या फुकटात करतो’ म्हणणाऱ्या भाऊंना उत्तर

नमस्कार भाऊ,

‘एक जळगावकर’ या नावाने तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी काढलेली नाही, जशीच्या तशी ठेवली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. धंद्यासाठी एआय अवतारचे, म्हणजे मालकाच्या चेहऱ्याची संगणकाने बनवलेली बोलती प्रतिमा वापरून केलेले, व्हिडिओ करून घ्यायचे तर फ्रीलान्सर कसा निवडावा, यावर मी लिहिलं होतं. त्यावर यांचं म्हणणं: “माझा पुतण्या हे मोबाईलवर दहा मिनिटांत फुकट करतो. भोळ्या दुकानदारांना पंधरा-वीस हजारांच्या खड्ड्यात घालताय, तुमचं कमिशन असणार.” शिवाय शीर्षक भडक आहे, व्हिडिओ एआयचा आहे हे सांगावं लागतं ते मी लिहिलं नाही, आपल्याकडचं गिऱ्हाईक माणूस बघून येतं, बाहुली बघून नाही, आणि लेखातल्या व्यापाऱ्याचं नाव द्या, आम्ही खात्री करू.

शीर्षक भडक होतं, मान्य. बदललंय.

आता कमिशनचं. भाऊ, मतभेद असू द्या, पण ज्या माणसाला तुम्ही कधी भेटला नाहीत त्याच्या खिशात हात घालून पैसे मोजायची ही कुठली रीत? मी लेखात एकाही फ्रीलान्सरचं नाव दिलेलं नाही, नंबर दिलेला नाही, लिंक नाही. मग कमिशन मला कोण देणार, हवेतून? नाव न लिहिता आरोप करायचा आणि वर ‘जळगावकर’ म्हणून सगळ्या गावाची सही ठोकायची. मीही जळगावचाच आहे. आपल्याकडे माणूस तोंडावर बोलतो, भो. भांडतो, मग शेवभाजीला सोबत बसतो.

आणि ‘बटण दाबायचे कसले पैसे’ छापाचा हा टोमणा माझ्या घरात जुना आहे. वडिलांचा भुसावळला फोटो स्टुडिओ होता. पुढे त्यांनी लग्नाचं व्हिडिओ शूटिंग सुरू केलं. रेल्वे कॉलनीतली लग्नं, खांद्यावर भला मोठा कॅमेरा, हॅलोजनचा चटका, आणि नंतर व्हीएचएस कॅसेटचं मिक्सिंग. पैसे द्यायची वेळ आली की वरपक्षातला एखादा काका हमखास म्हणायचा, “बटणच तर दाबलं!” वडील काही बोलत नसत. मी त्यांच्यासारखा नाही.

म्हणून तुमच्या पुतण्याच्या दहा मिनिटांकडे येतो. पोराला नावं ठेवत नाही, हौशी असेल, हुशारही असेल. पण त्या दहा मिनिटांत काय होतं ते मी बघितलंय. लेखात ज्यांचा उल्लेख आहे ते रावेर तालुक्यातले खत-ठिबकचे व्यापारी. त्यांच्याकडेही एक पुतण्याच होता. त्याने काकांचा फोटो टाकला, मजकूर टाकला, बटण दाबलं. काका बोलायला लागले, घर खूश. मग नीट ऐकलं. निसवणीच्या वेळी, म्हणजे केळीचा घड बाहेर पडताना, ‘0:52:34’ हे खत ड्रिपने सोडा, असं वाक्य होतं. केळीवाल्या शेतकऱ्याला हे ‘झिरो बावन्न चौतीस’. अवताराने ते घड्याळातली वेळ सांगावी तसं वाचलं! आवाज हिंदी निवडलेला, म्हणून ‘केळी’ची झाली ‘केली’. आणि मजकुरात ‘कांदेबाग’ होतं, तर मागे आपोआप चित्र आलं कांद्याच्या ढिगाचं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावलेल्या केळीला कांदेबाग म्हणतात हे त्या सॉफ्टवेअरला कोण सांगणार? रावेरात हा व्हिडिओ ग्रुपवर पडला असता तर त्या माणसाची वर्षभर टर उडाली असती. वर कोपऱ्यात फुकट प्लॅनचा वॉटरमार्क होताच.

जाणता फ्रीलान्सर इथे काय करतो? आकडे अक्षरात लिहून देतो. एकेक वाक्य तयार करून ऐकतो, जिथे उच्चार घसरतो तिथे मुद्दाम वेगळं स्पेलिंग घालून सुधारतो. तरी जमत नसेल तर सरळ मालकाच्याच आवाजात रेकॉर्डिंग घेतो आणि अवताराचे ओठ त्यावर बसवतो. धुळे-अमळनेरकडच्या गिऱ्हाइकासाठी अहिराणी हवी असेल तर हाच रस्ता, कारण हेजेनसारख्या अवतार बनवायच्या साधनांच्या भाषांच्या यादीत मराठी सापडते, अहिराणी नाही. रावेर-यावलला पुन्हा बोली वेगळी, तिथे अहिराणी ऐकवली तर शेतकरी म्हणेल हा धुळ्याचा कोण? हे ज्याला कळतं त्याला पैसे द्यायचे. म्हणूनच मी लिहिलं होतं की त्याचा इंग्रजीतला चकचकीत नमुना बघून भुलू नका, तुमच्या मालाबद्दलची चार मराठी वाक्यं देऊन नमुना मागा.

अन् ज्या गोष्टीवर मी अर्धा लेख खर्च केला तिच्याबद्दल तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत. खातं कोणाचं? नुसत्या फोटोपेक्षा चांगला अवतार हवा तर मालकाचं थोडं चित्रण द्यावं लागतं. हेजेन, सिंथेशियासारख्या कंपन्या वर त्या माणसाने कॅमेऱ्यासमोर दिलेली संमतीही मागतात. हे सगळं होऊन जो अवतार तयार होतो, तो ज्याच्या लॉगिनमध्ये बनला त्याच्याकडे राहतो. ओळखीतल्या एका चटई कारखानदाराने ठेकाच दिला होता. फ्रीलान्सर बाहेरगावचा. सहा-आठ व्हिडिओ झाले, मग पैशावरून वाजलं आणि पठ्ठ्याने फोन उचलणं बंद केलं. आज कारखानदाराचा चेहरा आणि आवाज त्या माणसाच्या खात्यात पडून आहे. त्या अवताराकडून उद्या काहीही बोलवून घेता येईल. काढून टाक म्हणायला समोर माणूसच नाही. म्हणून खातं दुकानाच्या ईमेलवर उघडायचं, सबस्क्रिप्शनचे पैसे दुकानाने भरायचे, फ्रीलान्सरला फक्त काम करण्यापुरता प्रवेश द्यायचा आणि काम संपलं की पासवर्ड बदलायचा.

हक्काचंही लिहून घ्यायचं. स्क्रिप्ट त्याने लिहिली असेल तर ती तुमच्या नावावर लेखी करून घ्या. आणि मुदत लिहायला विसरू नका, कारण 1957च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम 19 म्हणतं की करारात मुदत लिहिली नसेल तर हक्क पाच वर्षांसाठीच दिले असं धरलं जाईल. दुरुस्त्या किती वेळा करून देणार, मूळ प्रोजेक्ट कधी मिळणार, हेही त्याच कागदावर. निम्मे पैसे आधी, निम्मे शेवटी. एवढा कागद पुतण्याशी करणार आहात का? आपल्याकडे पुतण्याकडून कागद करून घेतला तर वहिनी दिवाळीला बोलत नाहीत.

पुतण्याचं काम फुकट, त्यामुळे त्याला परत कर म्हणताही येत नाही. तिसऱ्यांदा सांगितलं की त्याचा अभ्यास निघतो.

एआयचा आहे हे सांगण्याबद्दल. यूट्यूबने 2024 पासून खऱ्यासारख्या दिसणाऱ्या कृत्रिम व्हिडिओवर तसं जाहीर करायला लावलंय, अपलोड करताना तो पर्याय समोरच येतो. मला ठाऊक आहे, भाऊ. लेख फ्रीलान्सर निवडण्याचा होता, अपलोड करण्याचा नव्हता.

गिऱ्हाईक माणूस बघून येतं, हे खरं असेल. मग मालकाने स्वतःच मोबाईलसमोर उभं राहून बोलावं, असं तुम्ही सुचवलंय. बोलावं की! कोणी धरलंय? जे बोलू शकतात त्यांनी जरूर बोलावं, त्यांच्यासाठी तो लेख नव्हताच. यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

पंधरा-वीस हजार जास्त वाटतात तर देऊ नका. तो आकडा मी एका कामाचा लिहिला होता, सरकारी दर म्हणून नाही. दहा छोट्या व्हिडिओंचं काम होतं, स्क्रिप्टसकट. तुम्ही तो एका व्हिडिओचा म्हणून वाचलात. पुढे लिहिण्याआधी पूर्ण परिच्छेद वाचलात तर दोघांचाही वेळ वाचेल.

राहिलं व्यापाऱ्याचं नाव. ते देणार नाही. त्यांनी विश्वासाने हिशेब दाखवला तो मला, निनावी खात्री करणाऱ्यांना नाही. स्वतःच्या नावाने लिहा, कुठल्या धंद्यात आहात ते सांगा, मी त्यांना विचारतो. ते हो म्हणाले तर फोन लावून देतो.