मुंडक्याचा भाव

आमच्या घरात सध्या सहा शिलाई मशीन आहेत आणि माझ्या पॅन्टचं बटण तीन आठवड्यांपासून सेफ्टी पिनेच्या भरवशावर आहे.

वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यातल्या एका गावात मी मास्तर आहे. पोरं सर म्हणतात, गाव गुरुजी म्हणतं आणि बायको अलीकडे 'ओ भंगारवाले' अशी हाक मारते. या पदोन्नतीचं मूळ मोठीमायच्या घरात आहे. तिच्या कापसाच्या खोलीत, गाठोड्यांच्या तळाशी, पायानं चालवायचं, सिंगर कंपनीचं एक मशीन दडपून पडलं होतं. तिच्या सासूनं हप्त्यानं घेतलेलं. (हप्त्यावर मशीन विकायची युक्ती या कंपनीनं १८५६ सालीच काढली होती. आपला फ्रिज हप्त्यावर आला म्हणून फार आधुनिक वाटून घेऊ नये.) पुलगाव-आर्वीच्या छोट्या गाडीनं आणि पुढं बैलगाडीनं ते गावात आलं, असं मोठीमाय सांगते. ती लाइन घातली होती इथला कापूस न्यायला. येताना रिकाम्या डब्यात एखादं मशीन बसलं असेल तर नवल नाही.

काळं कुळकुळीत मुंडकं (म्हणजे पायांवर बसतो तो मशीनचा वरचा भाग), मधे बारीक कंबर आणि अंगावर सोनेरी स्फिंक्स. इजिप्तमधला तोच, धड सिंहाचं आणि तोंड माणसाचं. मोठीमाय त्याला नरसिंह समजून दर दसऱ्याला हळदकुंकू लावत आली होती. नरसिंहाचं नेमकं उलटं असतं, हे तिला सांगायची माझी छाती झाली नाही.

चाक फिरवून पाहिलं. हलेना.

"मोठीमाय, तेल नाही घातलं का याला?"

"दर दिवाळीले घालतो ना बापू!"

"कोणतं?"

"घरचं. जवसाचं."

जवसाचं तेल चटणीवर उत्तम. पण हवा लागली की ते वाळून कातडं धरतं, म्हणूनच तर ते रंगात घालतात. मोठीमायनं वर्षानुवर्षं, दर दिवाळीला, भक्तिभावानं त्या मशीनला आतून रंग दिला होता. तेलाच्या भोकातून काडी घातली तर टोकाला गुळाच्या काकवीसारखं तपकिरी काहीतरी चिकटून आलं. वास घेतला. चटणी आठवली.

जुनं तेल सोडवायला रॉकेल लागतं. रेशनवरचं रॉकेल बंद झाल्यापासून ते मिळवणं म्हणजे गावातल्या म्हाताऱ्यांच्या मिनतवाऱ्या. एकीनं जपून ठेवलेली अर्धी बाटली दिली आणि बदल्यात नातवाचे पाढे करून घेतले. रोज रात्री प्रत्येक भोकात दोन-दोन थेंब, मग बायकोच्या केस वाळवायच्या मशीननं शेक, मग चाकाला हळूच मागं-पुढं. जोर करायचा नाही, हा या धंद्यातला पहिला नियम. आठव्या रात्री चाक नखाएवढं हललं. मी ओरडलो. शेजारचे काकाजी काठी घेऊन आले, त्यांना साप निघाल्यासारखं वाटलं.

त्याच आनंदात माझ्या हातून पाप घडलं. मशीन पुसायला मी स्पिरिट घेतलं. ते सोनेरी चित्र लाखेच्या वार्निशाखाली असतं आणि स्पिरिटमध्ये लाख विरघळते, हे मला नंतर सुतारानं सांगितलं. तोवर स्फिंक्सचं नाक, डोळे आणि अर्धा मुकुट फडक्यावर आला होता. जुन्या मशीनला साधं मशीनचं तेल आणि मऊ सुती फडकं, याच्यापलीकडे काही लावू नका. मोठीमाय बघायला आली तेव्हा तिनं डोळे बारीक करून विचारलं, "देवाचं तोंड कुठं गेलं रे?" मी म्हटलं, ऊन पडलंय तिकडून, दिसत नसेल.

पुढं चाक काढून साफ केलं, परत बसवलं. आता चाक गरगर फिरे आणि सुई ढिम्म. दोन दिवस मी टेन्शनचे स्क्रू पिळले, शटल (खालच्या दोऱ्याचं घर) काढलं, घातलं, मशीनला आणि स्वतःला शिव्या दिल्या. शेवटी बाजारातल्या म्हाताऱ्या शिंपीकाकांना बोलावलं. त्यांनी चहा होईपर्यंत काही केलं नाही. चहा झाल्यावर चाकाच्या मधला मोठा स्क्रू सोडला, आतला तीन दातांचा वायसर काढला, उलटा करून घातला आणि कप परत दिला. झालं. "हे तं माह्या नातवालेही येते," असंही जाता जाता म्हणाले. नातू माझ्याच वर्गात आहे.

मग प्रश्न आला भावाचा. मुंडक्यावरचा नंबर मी खडूची पूड चोळून वाचला. सुरुवातीला वाय, म्हणजे स्कॉटलंडमधल्या क्लाईडबँकचा कारखाना. नंबरांच्या याद्यांप्रमाणे माझं मशीन १९२० च्या दशकातलं. शंभर वर्षांचं! मी मनातल्या मनात दुचाकी विकून चारचाकी घेतली. आणि मग कळलं की त्याच कारखान्यानं १९१३ या एका वर्षात तेरा लाखांवर मशीन बाहेर पाठवली होती. तेरा लाख! म्हणजे दुर्मिळपणाच्या बाबतीत माझं मशीन साधारण पळसाच्या झाडाइतकं.

भंगारवाल्यानं मात्र एका वाक्यात निकाल लावला. "बीड आहे, गुरुजी. किलोवर लावतो." (बीड म्हणजे ओतीव लोखंड.) त्यानं काट्यावर ठेवायला हात घातला, तर मी मुंडकं पोटाशी धरलं. बायको दारातून बघत होती. लग्नाच्या वेळी इतकं घट्ट कधी धरलं नाही, असा काहीसा तिचा चेहरा होता.

पुढच्या आठवड्यात मोटरसायकलवर दोन पोरं आली. हळू आवाजात म्हणाली, "सर, याच्यात लाल पारा रायते." लाल पारा म्हणजे कुणी न पाहिलेलं, पण लाखमोलाचं म्हणून सांगितलं जाणारं द्रव्य. २००९ साली सौदी अरेबियात हीच आवई उठली होती. तिथं दोन लाख रियालपर्यंत भाव गेल्याच्या बातम्या होत्या. परीक्षाही तीच: सुईजवळ मोबाइल धरायचा, लाइन कटली की पारा आहे. मशीनमध्ये लोखंड, तेल आणि आमच्या बाबतीत जवस सोडून काही नसतं, हे मी परोपरीनं सांगितलं. पोरांनी मधल्या खोलीत, सुईजवळ मोबाइल नेला. लाइन कटली.

ती कटणारच. आमच्याकडे रेंज फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीजवळ. मधल्या खोलीत तर पोळपाटाजवळ धरला तरी कटते. पण हे ऐकतो कोण! संध्याकाळपर्यंत गावात बातमी, आणि त्या रात्री मशीन आतल्या खोलीत सरकवायला बायकोनं पहिल्यांदाच हात लावला. दुसऱ्या दिवशी तिनं त्यावर धुतलेली चादर टाकली. चार दिवस मला 'अहो' म्हणून हाक मारत होती.

सेवाग्राम जवळ, म्हणून आमच्या हेडमास्तरांनी गांधीजी काढले. यंत्रांना विरोध असूनही १९२४ साली त्यांनी सिंगरच्या मशीनला अपवाद केला होता. सिंगरनं बायकोचे कष्ट पाहवेनात म्हणून ते बनवलं, असं त्यांचं म्हणणं. हे मी घरी सांगितलं. त्या सिंगरसाहेबांचे एकाच वेळी अनेक संसार होते आणि मुलं वीसच्या वर, हे नाही सांगितलं.

दरम्यान मशीन वाढत गेली. एकाचं गोळीसारखं लांब शटल हवं म्हणून दुसरं घेतलं, दुसऱ्याचा चामड्याचा पट्टा बरा म्हणून तिसरं. प्रत्येक वेळी मी म्हणालो, हे शेवटचं.

गेल्या रविवारी नागपूरहून एक गिऱ्हाईक गाडी घेऊन आलं. मोठीमायच्या मशीनसमोर खाली बसून त्यानं बराच वेळ निरखलं. मला भरून आलं. मी नंबरांच्या यादीचा कागद आणायला आत गेलो. बाहेर आलो तर मुंडकं ओसरीवर पोत्यावर आणि बिडाचे नक्षीदार पाय गाडीत. त्याला हॉटेलात काचेची टेबलं करायची होती.

"वरचं तुमीच ठेवा म्हणे, ओझं होते," बायको नोटा मोजत म्हणाली. "तीन हजार दिले. नुसत्या पायाचे!"

पायांशिवाय मुंडकं म्हणजे शोभेचा नरसिंह, तोही बिनतोंडाचा. म्हणून काल भंगारवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे अगदी तसेच पाय होते.

"सुटे नाई देत, गुरुजी," तो म्हणाला. "मुंडक्यासकट न्या."