अल्सर मिसळीने होत नाही

नातेवाइकांच्या ग्रुपवर तो मेसेज परत आला: ‘अल्सर तिखट आणि टेन्शनने होतो. रात्री थंड दूध प्या. अल्सर मुळापासून जातच नाही, पित्ताची गोळी जन्मभर घ्यावी लागते.’ खाली हात जोडणाऱ्यांची रांग.

आधी तिखट. मिसळीने जळजळतं, टेन्शनने दुखणं वाढतं, कबूल. पण जठराच्या अस्तराला पडलेल्या जखमेमागे बहुतेक वेळा दोघांपैकी एक असतं: हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू किंवा वेदनाशामक गोळ्या. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या डॉक्टरांनी जिवाणूचं नाव घेतलं, तेव्हा इतक्या आम्लात जंतू जगेलच कसा, म्हणून अनेकांनी ते उडवून लावलं. १९८४ मध्ये मार्शल तो जिवाणू सरळ प्यायले. काही दिवसांत उलट्या, आणि दुर्बिणीतून पाहिलं तर जठराला सूज. (अल्सर झाला नाही, हेही सांगायला हवं.) २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

गोळ्यांवर मात्र कुणाचा संशयच जात नाही. माझ्या मावशीने मिरची वर्षभर सोडली. पण गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी रोज, सकाळच्या चहाबरोबर. जठराचं अस्तर जपणारी प्रोस्टाग्लँडिन्स ही गोळी बनूच देत नाही, आणि तेही रक्तातून. त्यामुळे ‘मी जेवून घेते’ म्हटल्याने धोका टळत नाही.

दुधाचा घोट गेला की बरं वाटतं. मग त्यातलं कॅल्शियम आणि प्रथिनं जठराला आणखी आम्ल सोडायला लावतात. शिकागोचे डॉ. सिपी रुग्णांना तासातासाला दूध-साय पाजत, तो काळ १९१५ चा.

‘मुळापासून जात नाही’ हे पूर्वी खरं वाटायचं. पित्ताची गोळी थांबली की अल्सर परत, कारण जिवाणू तिथेच असायचा. आता श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीत तो सापडला, तर आम्ल कमी करणारी गोळी आणि अँटिबायोटिक्स मिळून साधारण १४ दिवसांचा कोर्स असतो. आठव्या दिवशी बरं वाटलं म्हणून तो सोडू नका. उरलेला जिवाणू पुढच्या खेपेला औषधाला दाद देत नाही. कोर्सनंतर किमान चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी, आणि तीच बहुतेक जण टाळतात. हृदयासाठी रोज ॲस्पिरिन घेणाऱ्यांना मात्र पित्ताची गोळी खरंच दीर्घकाळ लागू शकते. ती मेसेज वाचून बंद करू नका.

आणि शौचाला डांबरासारखं काळं, चिकट होत असेल, तर दूध नको, ‘डॉक्टर नंतर बघू’ही नको. त्याच दिवशी हॉस्पिटल.