पोपट खातोय, म्हणजे ठणठणीत आहे?

नवा पोपट घरी आणल्यावर काय करायचं, याचा एक फॉरवर्ड पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतोय. थोडक्यात सांगायचं तर: पोपट खात असेल तर डॉक्टरची गरज नाही, पाण्यात अँटिबायोटिकची पावडर टाका, जुन्या पक्ष्याच्या पिंजऱ्यात सोडा, हातावर येत नसेल तर दोन दिवस उपाशी ठेवा आणि लवकर बोलावा म्हणून मिरची द्या. यातल्या बऱ्याच गोष्टी पक्ष्याच्या जिवावर बेतू शकतात, म्हणून लिहिते आहे.

‘खातोय म्हणजे ठणठणीत.’ पोपट आजार लपवतो. रानात मलूल दिसणारा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो, त्यामुळे अगदी कोलमडेपर्यंत तो नेहमीसारखा वागत राहतो. चोचीने दाणे फोडत बसतो, पण गिळत नाही. वाटीवर हलकी फुंकर मारून पाहा. टरफलं उडाल्यावर खाली सोललेला गर तसाच पडलेला असेल, तर पोटात काही गेलेलं नाही. सन कॉन्युर या परदेशी पोपटाचं वजन साधारण 100 ते 120 ग्रॅम असतं. त्यातले दहा-बारा ग्रॅम घटले तरी पिसांमुळे वरून कळत नाही, आणि एवढी घट म्हणजे तातडीने डॉक्टरकडे जायचं कारण. ओट्यावरचा डिजिटल वजनकाटा त्यासाठी पुरतो. रोज सकाळी, खाणं द्यायच्या आधी वजन करा आणि आकडा लिहून ठेवा. शीमधला पांढरा भाग पिवळा-हिरवा झाला, पक्षी पिसं फुलवून गप्प बसला किंवा श्वासागणिक शेपूट वरखाली होऊ लागली, तर सकाळची वाट पाहू नका. यातलं काहीच दिसत नसलं तरी पहिल्या आठवड्यात तपासणी करून घ्या. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर पक्षी पाहत नाहीत, तेव्हा आधी फोन करून विचारा.

पावडरचा सल्ला मला सर्वांत जास्त खटकला. आजारी पक्षी पाणी कमी पितो, चव बदलली की आणखी कमी. मग औषध किती पोटात गेलं, हे कोण सांगणार? सिटॅकोसिस हा जिवाणूंमुळे होणारा आजार पोपटाकडून माणसालाही होतो. ताप, कोरडा खोकला, कधी न्यूमोनिया. पक्ष्याला त्यावर साधारण 45 दिवस डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक द्यावं लागतं. चार दिवसांच्या पावडरीने आजार जात नाही, उलट तपासणीत सापडेनासा होतो. घरात कुणाला असा ताप आला तर नवा पक्षी आणलाय हे आपल्या डॉक्टरांना आवर्जून सांगा.

जुन्या पक्ष्यासोबत लगेच ठेवणंही तितकंच धोक्याचं. पीबीएफडी हा पिसांचा आणि चोचीचा विषाणूजन्य आजार पिसांच्या धुळीतून आणि विष्ठेतून पसरतो आणि त्यावर इलाज नाही. निदान 30 ते 45 दिवस वेगळी खोली हवी. खाणंपिणं आधी जुन्या पक्ष्याचं, मग नव्याचं. हात धुवायचे, जमल्यास कपडेही बदलायचे.

उपाशी तर मुळीच ठेवू नका. एवढ्याशा जिवाला दोन दिवसांचा उपास सोसत नाही. आधीच्या घरी जे खात होता तेच सुरुवातीला द्या, पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला लागू द्या आणि जवळ बसून हळू आवाजात बोलत राहा. रात्री दहा-बारा तास शांत अंधार हवा. डिसेंबरच्या पुण्यातल्या थंडीत पिंजरा बाल्कनीत ठेवू नका. नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत दगावतो. उदबत्ती आणि मच्छरची कॉइलही त्याच्या खोलीत नको.

मिरचीचं म्हणाल तर पक्ष्यांना तिखट लागतच नाही. आवडली तर खाऊ दे, बोलण्याशी तिचा संबंध नाही.

फॉरवर्डसोबतचा फोटो गळ्यावर काळा-गुलाबी पट्टा असलेल्या आपल्या देशी पोपटाचा आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो पाळणं गुन्हा आहे. असा पोपट जखमी सापडला तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. सन कॉन्युर किंवा आफ्रिकन ग्रे दत्तक घेत असाल, तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवरच्या नोंदीचे कागद पक्ष्यासोबतच मागून घ्या.