दिवा विझला म्हणजे ऑईल प्रेशर आलं असं नाही

ऑक्टोबर छाटणीनंतर आमच्या जुन्नर तालुक्यातल्या प्रत्येक द्राक्ष ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. जुन्या छोट्या ट्रॅक्टरचा ऑईलचा दिवा (प्रेशर कमी झाल्याचा इशारा) इंजिन गरम झाल्यावर लागत असेल तर गॅरेजला पैसे घालू नका, असं तो सांगतो. उपाय चार: इंजिन ऑईलमध्ये नव्वद नंबरचं गिअर ऑईल मिसळा, कारण ते चाळीस नंबरच्या इंजिन ऑईलच्या दुपटीहून जाड असतं. तरी दिवा लागला तर दिवा लावणारा प्रेशरचा स्विच खराब आहे, त्याची वायर काढा. जादा प्रेशर सोडून देणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वॉशर टाका. आणि शेवटी नवा ऑईल पंप बसवा, कारण प्रेशर पंपच बनवतो.

नारायणगावात मी ट्रॅक्टर दुरुस्त करतो. बागेत फवारणीचा ब्लोअर चालवणारे अठरा-वीस एचपीचे तीन सिलिंडरचे ट्रॅक्टर हेच माझं रोजचं काम. या महिन्यात दोन इंजिनं हा मेसेज वाचूनच माझ्याकडे आली, म्हणून लिहितोय.

शेवटचा दावा आधी घेतो, कारण बाकीच्या तिन्हींचं मूळ त्यात आहे. पंप ऑईल फक्त ढकलतो. त्या ऑईलला पुढे जी अडवणूक होते, तिच्यातून प्रेशर तयार होतं. ठिबकवाल्याला हे वेगळं सांगायला नको. सबमेनच्या (पाण्याच्या उपवाहिनीच्या) टोकाचं झाकण निघालं की फिल्टरवरचा प्रेशरचा काटा पडतो, पण म्हणून कोणी नवी मोटर आणत नाही. इंजिनात ते झाकण म्हणजे क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याच्या, मेन आणि बिगेंड बेअरिंगमधली फट. नव्या इंजिनात ती मिलिमीटरच्या काही शतांश भागांत मोजायची असते. झिजून फट दुप्पट झाली की तेवढ्याच प्रेशरला ऑईलची गळती दुप्पट होत नाही, जवळजवळ आठपट होते. म्हणून वर्षानुवर्षं काही जाणवत नाही आणि मग एकाच हंगामात दिवा लुकलुकायला लागतो. पंप झिजतच नाही असं मी म्हणत नाही. पण तो उघडून रोटरची फट फीलर गेजने (पातळ पात्यांच्या मापाने) मोजता येते. त्याच्याही आधी चेंबर (इंजिनाखालचं ऑईलचं भांडं) उतरवून ऑईल शोषायची जाळी बघा. गाळाने किंवा पॅकिंगच्या सिलिकॉनच्या तुकड्यांनी ती अर्धी बुजली असेल, किंवा शोषण पाइपची ओ-रिंग कडक होऊन हवा ओढत असेल, तर नवा पंपही उपाशीच राहणार.

आता नव्वद नंबर. नव्वद आणि चाळीस हे आकडे एका फूटपट्टीवरचे नाहीत. गिअर ऑईलचं मोजमाप वेगळं आहे. १०० अंश सेल्सिअसला नव्वद नंबरचं गिअर ऑईल साधारण चाळीस-पन्नास नंबरच्या इंजिन ऑईलइतकंच जाड भरतं. म्हणजे जाडीचा हिशोब मुळातच चुकलेला. वर त्यात गिअरच्या दातांसाठी घातलेली गंधक-फॉस्फरसची रसायनं असतात. इंजिनाच्या उष्णतेत ती बेअरिंगमधल्या तांब्याला त्रास देऊ शकतात. डिझेलची काजळी तरंगत ठेवायची सोय मात्र त्यात नसते. जाड ऑईल हवंच असेल तर माहितीपुस्तिकेत उन्हाळ्यासाठी चालत असलेलं २०डब्ल्यू-५० इंजिन ऑईल टाका. किंचित झिजलेल्या इंजिनाला त्यावर एखादा हंगाम मिळतो, हे मी स्वतः पाहिलंय.

पण आधी ऑईलची पट्टी काढून बघा, आणि ही गोष्ट मी प्रत्येकाला हात धरून दाखवतो. ऑईल न टाकता पातळी वर चढली असेल आणि वास डिझेलचा येत असेल, तर ऑईल पातळ झालंय. यातल्या बऱ्याच इंजिनांत डिझेल पंप ब्लॉकमध्येच बसवलेला असतो. त्याच्या झिजलेल्या एलिमेंटमधून (डिझेल दाबणाऱ्या दट्ट्यातून) गळणारं डिझेल थेट चेंबरमध्ये उतरतं. नोझल टपकत असलं तरी तेच. अशा इंजिनात जाड ऑईल ओतलं की दिवा आठ दिवस विझतो, डिझेल गळतच राहतं, आणि पातळी चढलेली दिसली तरी माणूस म्हणतो, मीच तर टाकलं होतं!

वायर काढणं हा उपाय नव्हेच. स्विचवर शंका असेल तर तो काढून त्या जागी काट्याचा गेज लावा. जपानी बनावटीच्या इंजिनांना बहुधा १/८ इंचाचे निमुळते बीएसपी आटे असतात, दुसरे जबरदस्तीने पिळू नका. इंजिन ब्लोअरवर चांगलं तापवा आणि मग वाचा. बऱ्याच छोट्या डिझेल इंजिनांना स्लोवर (रेस न देता) निदान अर्धा किलो (दर चौरस सेंटिमीटरला) आणि पूर्ण रेसवर निदान दीड किलो लागतं. तुमच्या पुस्तिकेतला आकडा वेगळा असेल तर तोच धरा. काटा नीट असेल तर स्विच बदला, स्वस्तात सुटलात.

वॉशरचं म्हणाल तर रिलीफ व्हॉल्व्ह प्रेशरची वरची हद्द ठरवतो. गरम इंजिन स्लोवर असताना तो बंदच असतो. बंद नळ आणखी घट्ट पिळून टाकीतलं पाणी वाढत नाही. उलट थंडीत पहाटे ऑईल घट्ट असताना प्रेशर हद्दीबाहेर जातं आणि फिल्टरची रिंग फुटते. कचरा अडकून व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल तर तो काढून धुवा, एवढंच.

त्या दोन इंजिनांपैकी पहिल्यात नव्वद नंबर होतं आणि वायर कापलेली होती. बिगेंड बेअरिंग जागेवरच फिरलं होतं. क्रँक ग्राइंडिंगला गेला, बेअरिंगचे अंडरसाइज (घासलेल्या क्रँकच्या मापाचे) शेल, म्हणजे अर्धगोल पत्रे, पुण्याला नाना पेठेतून आणावे लागले, आणि ऐन फवारणीत बाग भाड्याच्या ट्रॅक्टरवर राहिली. दुसरं आमच्या अण्णांचं. त्यांनी नवा पंप विकत आणला होता, पण बसवण्याआधी ट्रॅक्टर माझ्या दारात उभा केला. गेजवर स्लोला काटा जेमतेम हलत होता. चेंबर उतरवलं तर जाळी स्वच्छ, शेलचा वरचा थर झिजून तांबं दिसत होतं, क्रँक मात्र मापात होता. स्टँडर्ड शेल टाकले, १५डब्ल्यू-४० भरलं. दोन तास ब्लोअर चालवून पुन्हा गेज लावला तेव्हा काटा स्लोवर एक किलोच्या वर होता. पंप जुनाच आहे. नवा अण्णांनी खोकं न फोडता दुकानात परत दिला.