अर्ध्या-पाव शिष्यवृत्त्यांचे वास्तव

अमेरिकेत महाविद्यालयाच्या सॉकर संघात मुलाची निवड झाली की शिक्षणाचा सगळा खर्च सुटतो, हे एका लेखात वाचलेले विधान पालकांची दिशाभूल करणारे आहे. महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेच्या पहिल्या, म्हणजे सर्वोच्च विभागातही पुरुष संघाला अनेक वर्षे ९.९ पूर्ण शिष्यवृत्त्यांइतक्या रकमेचीच मर्यादा होती आणि प्रशिक्षक त्या साऱ्या संघात तुकड्यातुकड्यांनी वाटत असत. त्यामुळे एखाद्याचे निम्मे शुल्क भागे, तर दुसऱ्याचा जेमतेम पुस्तकांचा खर्च. २०२५-२६ पासून खेळाडूंच्या मोबदल्याबाबतच्या खटल्यातील न्यायालयीन तडजोडीत सामील झालेल्या विद्यापीठांत ती मर्यादा गेली, मात्र संघात २८ खेळाडूंचीच मुभा उरली, आणि स्वखर्चाने खेळणाऱ्या होतकरू मुलांवर याची कुऱ्हाड पडेल, ही चिंता मला फार सतावते. म्हणून संघात जागा मागण्यासाठी प्रशिक्षकाला लिहिताना मैदानावर आपल्याच जागी खेळणारे किती जण यंदा पदवी घेऊन बाहेर पडणार आहेत, हे मुलांनी आधी विचारावे.