मालेगावचा खासदार

आज दुपारी ऑफिसात डबा खाताना एकजण म्हणाला, "मालेगाव ना? ते धुळ्यात जातं. नाशिकचा त्याच्याशी काय संबंध?" आणि चौघं हसले. माझं माहेर मालेगाव कॅम्प आहे हे त्या टेबलावरच्या प्रत्येकाला माहीत आहे. भाजी तशीच टाकून उठले. तिथं बोलले असते तर आवाज चढला असता, म्हणून इथं लिहितेय. लांबेल. ज्यांना वाचायचंय त्यांनी वाचा.

मालेगाव नाशिक जिल्ह्यातच आहे, आणि मालेगाव नावाचा लोकसभा मतदारसंघही होता. १९५७ ते २००४, तेरा निवडणुका झाल्या त्याच्या नावावर. २००८ च्या पुनर्रचनेत तो पुसला गेला आणि आज नाशकातल्या शिकल्यासवरल्या माणसांना तो होता हेसुद्धा ठाऊक नाही.

माझे बाबा प्राथमिक शिक्षक. १९८९ च्या नोव्हेंबरात त्यांची इलेक्शन ड्यूटी सुरगाण्याच्या पार आत लागली होती. आदल्या दिवशी पेट्या घेऊन जीपनं गेले, पुढं डोंगरातनं चालत. शाळेच्या खोलीत केंद्र, रात्री तिथंच मुक्काम, थंडी मी म्हणत होती. मतदानाच्या दिवशी एक म्हातारी आली, बोटाला शाई लावून घेतली आणि बाबांना विचारलं, "गुरुजी, ह्या मताचा कोण होतो?" बाबा म्हणाले, "मालेगावचा खासदार." तर ती म्हणाली, "मालेगाव लई लांब हाय का? मी नाय बघितलं कधी." संध्याकाळी तिनंच नातवाच्या हाती नागलीची भाकर आणि खुरासणीची चटणी पाठवली.

बाबांनी ही गोष्ट आम्हाला किती वेळा सांगितली असेल! लहानपणी कंटाळा यायचा. आज त्या टेबलावरून उठताना तीच आठवली.

कारण आमचा मतदारसंघ असा होता. एका टोकाला मालेगाव, रात्रंदिवस पॉवरलूमचा खडखडाट, मोसम नदीच्या एका बाजूला मोमीनपुऱ्यातले कारागीर आणि दुसऱ्या बाजूला आमच्यासारखे कॅम्पातले. दुसऱ्या टोकाला बागलाण, कळवण, सुरगाणा, नागलीची शेतं आणि लाल बावटा. ह्या लोकांचा एकमेकांशी एरवी काय संबंध येणार? पण खासदार एक होता. १९५७ ला प्रजा समाजवादी पक्षाचे यादव नारायण जाधव आले. पुढं जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव झाली आणि काँग्रेसचे झेड. एम. कहांडोळे १९६७, ७१, ८०, ९१, ९८ असे पाच वेळा निवडून आले. मध्ये ८४ ला सीताराम भोये, ९६ ला भाजपचे कचरूभाऊ राऊत.

आणि हरिभाऊ महाले. १९७७, १९८९, १९९९. दरवेळी दहा-बारा वर्षांनी लोकांनी त्यांना परत बोलावलं. त्या म्हातारीच्या मताचा जो झाला तो हाच माणूस. १९९९ ला तर देवेगौडांच्या जनता दलाचा अख्ख्या देशातून एकच खासदार निवडून आला, तो आमच्या मालेगावचा. हा आदिवासी समाजवादी माणूस निवडून आला त्यात मोमीनपुऱ्यातल्या विणकराचंही मत होतं. मालेगावचे समाजवादी नेते साथी निहाल अहमद, त्यांनी वर्षानुवर्षं सभा घेऊन ते घडवलं. त्याच ९९ ला निहालभाई स्वतः विधानसभेला पडले, महाले मात्र लोकसभेत गेले. आणि आम्हाला सांगतात, मालेगाव फक्त जात-धर्म बघून मत देतं! चाळीस वर्षं ह्या शहरानं आदिवासी माणसाला दिल्लीला पाठवलं. नाशिकनं स्वतःबद्दल असं काही सांगून दाखवावं.

बरं, मान्य आहे, नाशिकनंही १९५७ ला आंबेडकरी चळवळीतल्या दादासाहेब गायकवाडांना निवडून दिलंय. ते मोठंच आहे. रागात लिहिलं गेलं.

राखीव जागेमुळं खुद्द मालेगावच्या मोमीन माणसाला उभंच राहता येत नव्हतं, हेही खरं. बाबाही ते मान्य करायचे.

पण २००८ ला काय केलं बघा. जिल्ह्याचे तीन तुकडे. मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण हे विधानसभा मतदारसंघ उचलून धुळ्याला जोडले. कळवण-सुरगाणा नव्या दिंडोरीत. शेवटचे खासदार हरिश्चंद्र चव्हाण दिंडोरीतून लढले, मालेगाव मागं राहिलं. कलेक्टर नाशकात, खासदार धुळ्याचा. सातबाऱ्याच्या भांडणाला शंभर किलोमीटर इकडं यायचं आणि रेल्वेच्या निवेदनाला पन्नास किलोमीटर तिकडं जायचं. स्वतंत्र जिल्ह्याचं आश्वासन ऐकत माझी पिढी म्हातारी होत आली. लोकसंख्येचं गणित असतं, सीमा बदलाव्या लागतात, सगळं कळतं मला. पण नावसुद्धा ठेवलं नाही, ह्याचं मला आजही वाईट वाटतं.

२००९ ला धुळ्याची राखीव जागा खुली झाल्यावर निहालभाई तिथून उभे राहिले, पडले. मग २०२४ ला काय झालं ते सगळ्यांनी बघितलं. नाशिकच्या माजी महापौर शोभा बच्छाव धुळ्यात ३,८३१ मतांनी जिंकल्या. बाकी पाचही विधानसभा मतदारसंघांत त्या मागं होत्या, एकट्या मालेगाव मध्यनं सुमारे १ लाख ९४ हजारांची आघाडी दिली. म्हणजे मत मोजायची वेळ आली की मालेगाव आठवतं. निकालानंतर त्याच मतांवरून माझ्या शहराबद्दल काय काय लिहिलं गेलं, ते इथं परत लिहिणार नाही. माझ्या इथल्या मित्रयादीतल्याही दोघांनी लिहिलं होतं. मी विसरलेले नाही.

मघाशी बाबांना फोन केला. ऑफिसातलं सांगितलं. ते रागावले नाहीत, त्यांना हल्ली राग येत नाही. म्हणाले, "ती म्हातारी आता असती तर तिच्या मताचा कोण झाला असता गं?" मी म्हटलं, "दिंडोरीचा. भास्कर भगरे." "शिक्षक ना ते?" "हो." "बरं झालं," म्हणाले. मग जरा वेळानं, "आणि तुझ्या मताचा?" म्हटलं, राजाभाऊ वाजे, नाशिक. "आणि माझ्या मताचा धुळ्याचा." असं म्हणून गप्प झाले.

त्या गावाचं नाव विचारलं मी त्यांना. भाकरीची चव आठवते, पेटीवरचं लाखेचं सील आठवतं, नाव आठवत नाही म्हणाले. सुरगाण्याकडचं कुणी वाचत असेल तर सांगा. डोंगर उतरल्यावर शाळेची एकच खोली होती आणि समोर मोहाचं मोठं झाड. दिवाळीत गाडी काढून बाबांना तिथं घेऊन जायचं ठरवलंय.