रिसेप्शन-२ कोण आहे?

नवा कॉम्प्युटर मिळाल्याचं दुःख आधी सांगून टाकतो. विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, माझ्या जुन्या मशीनला ११ झेपेना, म्हणून ते निकालात निघालं आणि मला नवं आलं. मी मागितलं नव्हतं. बाकी अकरा जणांची मशीनं धडधाकट निघाली यातही माझा हात नव्हता. तरी "मजा आहे बुवा एकाची" हे वाक्य मी दोन दिवसांत बारा वेळा ऐकलं. एकाने दोनदा म्हटलं.

तिसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन मी ऑफिसचा डेटाबेस उघडला. आमचा डेटाबेस मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेसमधला. कागदोपत्री त्यात २५५ जण एकदम बसू शकतात. आमच्याकडे चौघे बसले की धाप लागते. त्यातले तक्ते दुसऱ्या फाइलमध्ये असतात आणि समोरची, म्हणजे आपण उघडतो ती फाइल त्यांचा पत्ता फक्त लक्षात ठेवते. पत्ता होता झेड ड्राइव्हचा, म्हणजे ऑफिसच्या सामायिक फोल्डरला प्रत्येक मशीनवर दिलेल्या अक्षराचा. नव्या मशीनवर झेड आधीच बॅकअपला दिलेलं, म्हणून सामायिक फोल्डरच्या वाट्याला वाय आलं. (ही ड्राइव्हची अक्षरंही एक नमुनाच आहे. ए आणि बी फ्लॉपीसाठी राखून ठेवलेली. फ्लॉपी जाऊन जमाना झाला, पण सी अजून तिसऱ्या नंबरवरच बसलेला. निवृत्त साहेबांच्या खुर्चीवर कुणी बसू नये, तसं.) मी सगळे तक्ते वायला जोडले. चालू झालं. मी स्वतःवर खूश.

साडेदहाला एकेक जण आला आणि एकेकाचं बंद पडलं. कारण साधं होतं. समोरची फाइलही आम्ही बारा जण मिळून एकच वापरतो, सामायिक फोल्डरमधूनच. मी पत्ता बदलला तो बाराही जणांचा बदलला आणि त्यांच्याकडे वाय नव्हताच. उपायही साधा होता: अक्षराऐवजी सर्व्हरचं नाव लिहायचं, दोन उलट्या तिरप्या रेघांनी सुरू होणारं, मग कुणाकडे कुठलंही अक्षर असो. सगळ्यांना बाहेर पडायला लावून मी ते करायला घेतलं, तर डेटाबेस म्हणाला, फाइल सध्या फक्त तुमच्या ताब्यात नाही. बदल करा, पण ते जतन करता येतीलच असं नाही. इतका मोकळा निरोप मला ऑफिसात माणसांकडूनही कधी मिळालेला नाही.

इथे काका आले. काका कुणाचेच काका नाहीत, सिनियर आहेत. कुणी अडचणीत आलं की ते त्याच्या खुर्चीच्या पाठीवर दोन्ही कोपरं टेकतात. मग खुर्ची मागे कलते आणि आपण दंतवैद्याकडे बसल्यासारखे त्यांच्या हनुवटीकडे बघत काम करतो.

आयटीच्या मुलाने फोनवर सांगितलं, "सर, शेजारी कुलपाचं चित्र असलेली फाइल दिसेल. नोटपॅडमध्ये उघडा. आत कोण आहे ते कळेल."

उघडली. माझ्या मशीनचं नाव होतं, आणि खाली रिसेप्शन-२.

"आपल्याकडे रिसेप्शन आहे?" मी विचारलं.

"होतं," काका म्हणाले. "पार्टिशन पाडलं तेव्हा गेलं. पण दोन कुठून आली? एकच टेबल होतं."

"मग हा कोण?"

"बाहेरचा असेल. हॅकर."

"काका, हॅकर आपल्या रजेच्या नोंदी बघायला कशाला येईल?"

"माझ्या बघत असेल. अठरा शिल्लक आहेत." मग जरा विचार करून, "नाव खोडून टाक ना तिथलं."

खोडून काही होत नाही, हे मी समजावलं. ती फाइल हजेरीपटासारखी असते, येणाऱ्याचं नाव चढतं, जाणाऱ्याचं लगेच पुसलं जात नाही. काका गहिवरले. "म्हणजे तो कदाचित गेलाही असेल, बिचारा." पाचच मिनिटांत तो बिचाऱ्यावरून पुन्हा बेशिस्त झाला. "अकरा माणसं खोळंबलीत! दुसऱ्याचा जरा तरी विचार करावा माणसाने!" हे त्यांनी इतक्या मोठ्याने म्हटलं की पलीकडच्या मॅडमनी उगाचच आपली एक्सेल बंद केली.

शेवटी आयटीचा मुलगा वर आला, जुनी यादी काढली आणि म्हणाला, "सर, रिसेप्शन-२ म्हणजे तुमचंच जुनं मशीन. रिसेप्शनवरून आलेलं, नाव बदलायचं राहिलं."

"ते तर भंगारात गेलं."

खुर्ची एकदम सरळ झाली. काकांनी कोपरं काढून घेतली होती.

मशीन काकांच्या टेबलाखाली होतं. त्यांच्या जुन्या प्रिंटरला तेवढंच ओळखतं, म्हणून "चालू वस्तू कशाला फेकायची" या तत्त्वावर त्यांनी ते ठेवून घेतलं होतं. ते सुरू झालं की डेटाबेस आपोआप उघडावा, ही सोय मीच कधीतरी करून ठेवलेली.

"पण काका, पासवर्ड?"

"तूच चिकटवलायस की मॉनिटरला."

मशीन बंद केलं, दहा मिनिटांत पत्ता दुरुस्त झाला. मग प्रत्येकाच्या मशीनवर समोरच्या फाइलची वेगळी प्रत टाकायचं काम आलं, म्हणजे अकरा टेबलं, अकरा वेळा वाकणं. ते अर्थातच माझ्याकडे, कारण नवा कॉम्प्युटर माझा. संध्याकाळी ग्रुपवर साहेबांचा मेसेज आला: नवीन मशीनमुळे झालेला गोंधळ काकांच्या सहकार्याने दूर झाला आहे, यापुढे संबंधितांनी काळजी घ्यावी.

खाली अकरा अंगठे. पहिला काकांचा.